कार्यकर्ता टिकतो कशाने? मूल्यांवर मंडळ चालवण्याची रीत

आषाढ लागला की बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा भागात गणेशोत्सवाच्या बैठका सुरू होतात आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतोच, "पोरं येत नाहीत हो आता." व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर साठ नावं, आणि मांडवाचे बांबू उतरवायला सात जण. त्यावर नेहमीचे उपाय म्हणजे टी-शर्ट, शेवटच्या दिवशी जेवण, नंतर पावागढची सहल. हे दहा दिवस पुरतं. मकरपुरा जीआयडीसीत दिवसभर उभं राहून काम केलेला मुलगा रात्री अकराला लाइटच्या माळा बांधायला येतो, तो टी-शर्टसाठी येत नाही. इथं जे चाललंय ते बरोबर चाललंय असं त्याला वाटतं, म्हणून येतो. तशी शंका आली की तो भांडत नाही, राजीनामा देत नाही, नुसता यायचा थांबतो. म्हणून कामाला लागायचं ते तिथून.

हे खाली गणेश मंडळ धरून लिहिलं आहे. वाचनालय, व्यायामशाळा, सोसायटीची कमिटी किंवा पंधरावीस माणसांचं वर्कशॉप असेल तर रकमा बदला, रीत तीच.

आधी चिठ्ठ्या

"आपली मूल्ये कोणती?" असं बैठकीत विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: एकता, सेवा, संस्कार. ते बॅनरवर जातं आणि बॅनर भाद्रपदातल्या पावसात भिजतो. त्याऐवजी पंधराएक जणांना बसवा, प्रत्येकाला कोऱ्या चिठ्ठ्या द्या आणि एकच प्रश्न विचारा: मागच्या वर्षी इथं झालेल्या कुठल्या दोन गोष्टी तुम्हाला खटकल्या? नाव लिहायचं नाही. दहा मिनिटं लिहायला, वीस मिनिटं वाचायला. वाचणारा माणूस सर्वांत नवा असावा. अध्यक्षांनी वाचल्या तर पुढच्या वर्षी चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

साधारण काय निघतं? "वर्गणी घेतली, पावती नंतर देतो म्हणाले, दिली नाही." "आम्हा बायकांना फक्त प्रसाद आणि रांगोळी." "रात्री साडेअकराला स्पीकर, समोर आजी आजारी." "स्टेजवर एक, खुर्च्या उचलायला दुसरेच." चिठ्ठ्यांचे ढीग लावा. बहुतेक ठिकाणी तीनच होतात: पैसा, माणसांचा मान, शेजाऱ्यांचा त्रास. हीच तुमच्या मंडळाची तीन मूल्यं. चौथं घालायचा मोह होईल, तो टाळा. पाच गोष्टी कुणाच्या लक्षात राहत नाहीत, आणि जी लक्षात नाही ती पाळण्याचा प्रश्नच येत नाही.

मग नियम

प्रत्येक मूल्याखाली दोन-तीन नियम लिहा. नियम असा हवा की तो पाळला की मोडला, हे बाहेरच्या माणसालाही बघून सांगता यावं. आणि तो पाळताना काहीतरी पदरचं जायला हवं, मग तो पैसा असो, वेळ असो किंवा कुणाचा तोरा. ज्या नियमाने कुणाचंच काही जात नाही, त्याला खुशाल घोषणा म्हणा आणि यादीतून काढा.

पैशाबद्दल जरा सविस्तर, कारण मंडळं फुटतात ती इथे. पावतीपुस्तकं क्रमांक छापून घ्या. कोणतं पुस्तक कुणाला, कोणत्या तारखेला दिलं याची सही एका रजिस्टरमध्ये घ्या. न वापरलेलं पुस्तकही परत घ्यायचं. चुकलेली पावती फाडून टाकू नये, "रद्द" लिहून स्थळप्रतीलाच टाचून ठेवावी. फाटलेल्या एका पावतीवरून वर्षभर कुजबुज चालते, आणि ज्याच्या हातून ती फाटली तो बहुधा प्रामाणिकच असतो. रोजचा जमा-खर्च रात्री नऊला मांडवातल्या फळ्यावर लिहायचा: आज जमा, आज खर्च, शिल्लक. 2,000 रुपयांवरच्या प्रत्येक खर्चाला दोन सह्या, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत.

आणि क्यूआर कोड. हल्ली बरीच वर्गणी फोनवरून येते, आणि पुष्कळ ठिकाणी स्टँडवर लावलेला कोड खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा असतो. त्याच्या मनात काही नसेलही. मंडळाचं खातं उघडायला कागदपत्रं लागतात, वेळ नव्हता, म्हणून "तोवर माझा लावा" असं होतं. पण पैसे पाठवणाऱ्याच्या फोनवर मंडळाऐवजी त्या माणसाचं नाव झळकतं, आणि शंका तिथंच रुजते. आरास ठरवण्याआधी खातं उघडा. उत्सव अगदी तोंडावर असेल तर वैयक्तिक कोड लावण्यापेक्षा त्या वर्षी रोख आणि चेक घ्या. तुमच्या ट्रस्टला 80 जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळण्याची, मान्यता असेल तर देणगीदाराला हेही सांगा की 2,000 रुपयांपेक्षा जास्त देणगी रोख दिली तर त्याला वजावट मिळत नाही. मोठी रक्कम चेकने मागायला त्यामुळे आयतं कारण मिळतं.

शेजाऱ्यांसाठी एकच नियम पुरतो. दहाला स्पीकर बंद. कायद्याने रात्री 10 ते सकाळी 6 बंदीच आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. सूट मिळालेल्या दिवशी काय करायचं हे आधीच ठरवा, त्या रात्री ठरवू नका. स्विच कुणाच्या हातात हे नावानिशी लिहा. "सगळ्यांनी लक्ष ठेवायचं" म्हणजे कुणीच नाही.

मानाचा नियम लिहायला अवघड. करून बघण्यासारखा एक: कामांची पाळी लावताना झाडलोट, खुर्च्या आणि रात्रीचा पहारा यांत अध्यक्षासकट प्रत्येकाचं नाव येईल, आणि आरती, सूत्रसंचालन, पाहुण्यांचं स्वागत यांतही प्रत्येकाचं येईल.

बडोद्यापुरती एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आपल्या घरांतली बरीच तरुण मुलं मराठी बोलतात, पण वाचताना गुजराती त्यांना जास्त सोपी जाते, कारण शाळा त्या भाषेत झाली. आरतीला येणारे शेजारी तर गुजरातीच. नियमांचा कागद आणि फळा दोन्ही भाषांत ठेवा. मराठीचा अभिमान आरतीत आणि नाटकात दाखवायला भरपूर जागा आहे, हिशोबाच्या फळ्यावर नको.

वर ठरलेलं खाली पोचत नाही, तेव्हा

वरचा विचार खाली पोचतो कसा आणि अडतो कसा, याचे दोन्ही धडे या शहराच्या इतिहासात आहेत. सयाजीराव गायकवाडांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते 1906 मध्ये, पण त्याआधी 1893 मध्ये अमरेली भागात ते करून पाहिलं होतं. नुसतं आवाहन केलं नाही. शाळा काढल्या, मास्तर नेमले आणि मुलांना न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. वाचनाची गोडी लागावी म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. विचाराला यंत्रणा जोडली होती, म्हणून तो उभा राहिला.

आणि याच राज्यात 1917 मध्ये काय घडलं? ज्यांना महाराजांनी 1913 मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला धाडलं, ते बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले. गावात राहायला जागा मिळेना. पारशी सराईत उतरले तर काठ्या घेऊन माणसं बाहेर काढायला आली, आणि कचेरीतले शिपाई कागद लांबून फेकत. आंबेडकर बडोदे सोडून गेले. राजाचं मन साफ होतं, पण शिपाई, कारकून आणि सराईवाला यांच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. नोकरीचा हुकूम निघाला, पण राहायला जागा कोण देणार आणि कचेरीत अपमान झाला तर दाद कुठे मागायची, याची सोय कुणी लावली नव्हती. सयाजीबागेतली संकल्पभूमी, म्हणजे आंबेडकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढण्याचा संकल्प केला ती जागा, पाहायला मंडळाची मुलं नेलीत तर हा भागही सांगा.

मंडळात शिपाई-कारकुनाच्या जागी कोण असतं? वर्गणीला दारोदार जाणारी जोडी, मांडवाच्या तोंडाशी बसणारा, प्रसाद वाटणारा, स्पीकरवाला. लोकांना मंडळ भेटतं ते या पाच-सहा माणसांतून. म्हणून नियमांची पहिली बैठक पदाधिकाऱ्यांआधी यांच्याबरोबर घ्या, अर्धा तास. "बरोबर वागा" असं सांगू नका, प्रसंग द्या आणि वाक्य द्या. दार उघडणारा म्हणाला, "पावती राहू द्या, पन्नासच तर आहेत." यावर काय बोलायचं? "काका, पावती आमच्यासाठी आहे, फळ्यावर बेरीज जुळायला हवी." दोनदा मोठ्याने म्हणवून घ्या. पोरं हसतात, हसू द्या. दारात उभं राहिल्यावर तेच वाक्य तोंडात येतं.

पुढाऱ्याने काय सोसायचं

पावती क्रमांक 1 अध्यक्षांच्या वर्गणीची. अध्यक्षांच्या मेहुण्याचं डेकोरेशनचं दुकान असेल तर तीन कोटेशनं मागवायची आणि त्या निर्णयाला अध्यक्षांनी बाहेर बसायचं. पहाऱ्याची दोन ते चारची पाळी आणि विसर्जनानंतरची सफाई यांत त्यांचं नाव पहिल्याच आठवड्यात. फोटो काढायचा नाही. झाडू हातात घेऊन फोटो टाकला की सगळ्यांना कळतं की झाडू फोटोपुरता होता.

हे दोनदा झालं, तेही कुणाला न सांगता, की मग बोलण्याची फार गरज राहत नाही. भाषणाने माणसं कामाला लागतात यावर आपल्याकडे जरा जास्तच विश्वास आहे.

काम देताना अधिकारही द्या

आरास ज्यांच्याकडे दिली त्यांना चार गोष्टी सांगायच्या: काय हवं, कशासाठी हवं, किती पैसे, आणि कुठली रेघ ओलांडायची नाही. उदाहरणार्थ: "दहा दिवस टिकेल अशी आरास. लहान मुलांना जवळून बघता यायला हवी. एकूण 18,000, त्यातले 5,000 पर्यंतचे खर्च विचारायचे नाहीत, बिलं द्यायची. थर्माकोल नाही." कसं करायचं हे त्यांचं. आणि मग चतुर्थीच्या आदल्या रात्री पडद्याचा रंग बदलायला लावू नका. दिलेला अधिकार त्या एका वाक्यात परत घेतला जातो, आणि पुढच्या वर्षी ती मुलगी म्हणते, "तुम्हीच ठरवा ना काका."

2,000 वर दोन सह्या आणि इथं 5,000 ची मोकळीक, हे विसंगत नाही. परवानगी आधी घ्यायची नाही. सह्या बिल देताना होतात.

शाबासकी

"सगळ्यांनी खूप मेहनत घेतली" हे वाक्य ज्याने घेतली त्याला लागत नाही आणि ज्याने घेतली नाही त्याला सुखावतं. त्या दिवशीच, नावानिशी, नेमकं काय केलं ते सांगा: "काल फळ्यावर 1,100 ची बेरीज चुकली होती. या दोघींनी रात्री साडेदहापर्यंत स्थळप्रती तपासून ती शोधली." यात कौतुकही आलं आणि इथं कशाला किंमत आहे हेही बाकीच्यांना कळलं. "उत्कृष्ट कार्यकर्ता" असा एकच पुरस्कार ठेवू नका. एक खूश होतो आणि ज्यांना स्वतःला तो मिळेल असं वाटत होतं ते सगळे हिरमुसतात. शाल-श्रीफळ वर्षानुवर्षे देणगीदारांनाच जातं. एकदा ते जनरेटर सांभाळणाऱ्याला देऊन बघा.

नियम मोडला तर

पहिली परीक्षा बहुधा मोठ्या देणगीदाराकडून येते. 51,000 देतो, पण पावती नको. किंवा बॅनर मूर्तीच्या मागे, पूर्ण रुंदीचा. उत्तर त्या क्षणी सुचत नाही, म्हणून आधी ठरवा: "आपले आभार. पावतीशिवाय घेता येत नाही, आणि बॅनरची जागा सगळ्यांना सारखी, प्रवेशाशी चार बाय तीन." रक्कम गेली तर जाऊ द्या आणि आरास कमी करा. हे सगळी पोरं बघत असतात, आणि त्यांचं मत त्या संध्याकाळी ठरतं.

आतल्या माणसाने मोडला तर चोवीस तासांत, एकट्याला बाजूला घेऊन बोला. काय झालं, कुठला नियम, आता काय करायचं, इतकंच. मागच्या वर्षीचं उकरू नका. दुसऱ्यांदा झालं तर ती जबाबदारी काढून घ्या, मंडळातून काढू नका. पैशात चुकणारा माणूस मिरवणुकीच्या बंदोबस्तात उत्तम असू शकतो. तिसऱ्यांदा बैठकीत. पैसे खाल्ल्याचा प्रकार असेल तर या पायऱ्या लागू नाहीत, तो सरळ बैठकीत.

घसरण जिथून सुरू होते ती जागा म्हणजे वडीलधारे. तीस वर्षं मंडळात असलेले काका दहानंतर एक गाणं लावा म्हणतात, आणि स्विचवाला एकोणीस वर्षांचा. त्याला एकट्याला सोडू नका. काकांकडे अध्यक्षांनी स्वतः जायचं, चारचौघांत नाही, आणि शक्यतो उत्सवाच्या आधीच: "काका, दहाला बंद करायचंय. पहिल्या दिवशी तुमच्या हातून करू या." काकांनी स्विच बंद केला की बाकीचे नऊ दिवस कुणी गाणं मागत नाही.

विसर्जनानंतर

आठवड्याच्या आत हिशोब छापून लावा, दोन्ही भाषांत. गर्दी किती झाली हे मोजून काही कळत नाही. मागच्या वर्षीच्या कार्यकर्त्यांपैकी किती परत आले, शेजाऱ्यांच्या किती तक्रारी आल्या, फळा किती रात्री कोरा राहिला, हे तीन आकडे लिहून ठेवा. जे आले नाहीत त्यांच्या घरी दोघांनी जायचं, दिवाळीआधी. "का येत नाहीस?" असं विचारलं की तो नोकरीचं कारण सांगतो. "काय खटकलं?" असं विचारलं की चहा होईपर्यंत गप्प बसतो आणि मग सांगतो. तिथं वाद घालायचा नाही. घरी येऊन ते चिठ्ठीवर लिहायचं आणि आषाढातल्या बैठकीच्या ढिगात टाकायचं.