चौथीच्या वर्गाची नारळी पौर्णिमा

माझी शाळा कोकणातल्या हर्णै बंदराजवळ. चौथीत 24 मुलं, निम्मी मच्छीमारांच्या घरची. पौर्णिमेला मुलं घरी असतात, म्हणून वर्गाचा कार्यक्रम आदल्या दिवशी, चतुर्दशीला ठेवते. फुगे-पताकांवर वेळ घालवू नका. या सणात भूगोल, गणित, विज्ञान सगळं आहे, ते मुलांच्या हाती द्या.

आधी भरतीची वेळ काढा. पहिल्या वर्षी मी हे न पाहता मुलांना जेवणानंतर धक्क्यावर नेलं. पाणी उतरणीला लागलेलं, मुलं हिरमुसली. मग एका मुलाच्या तांडेल (होडीचे प्रमुख) आजोबांना वर्गात बोलावलं. ते म्हणाले, "बाई, तिथीची पाऊणपट करा." चौदा पाऊणे साडेदहा, म्हणजे चतुर्दशीची भरती साडेदहाच्या सुमारास. पौर्णिमेची सव्वाअकरा, अष्टमीची सहा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. थोडा फरक पडतो, पण ज्या पाऊणकीला मुलं कंटाळायची, ती त्या दिवशी त्यांनी आपणहून घोकली. रोज भरती पाऊण तासाने का सरकते, हा प्रश्नही त्यांच्याकडूनच आला. चंद्र रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो, हे मग फळ्यावर काढून दाखवलं.

आजोबांना आठवडाभर आधी सांगून ठेवा. मुलांचे वडील मिळत नाहीत. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी उठली की होड्या बाहेर पडतात. बंदी का असते, हे आजोबांनाच सांगू द्या: खवळलेला दर्या आणि अंड्यावर आलेली मासळी.

साडेनऊला धक्क्यावर जा. समोर सुवर्णदुर्ग, खाली पायऱ्या. दर पंधरा मिनिटांनी किती पायऱ्या बुडाल्या ते मुलांनी वहीत मांडायचं. उधाणाचे दिवस असतात, तेव्हा कुणालाही पायरीवर उतरू देऊ नका. दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच. पाऊस कोसळत असेल तर धक्का रद्द, वर्गातच गणित.

परत आल्यावर नारळ. प्रत्येकाला आणायला सांगू नका, पाच पुरतात: दोन सोडणासकट (वरच्या काथ्याच्या सालासकट), दोन सोललेले, एक कोंब फुटलेला. घंगाळात पाणी घ्या. टाकण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा. सोडणाचा तुकडा तरंगतो, करवंटीचा बुडतो. सोडणाच्या धाग्यांत हवा असते, त्यावरच नारळ लांबवर वाहत जातो. सोललेल्याचे तीन डोळे बोटाने दाबून पाहा. मऊ असतो त्यातूनच कोंब येतो. कोंबाचा नारळ शेवटी फोडा. आत पाण्याच्या जागी पिवळट, स्पंजासारखा गोड गोळा असतो. तो खोबरं शोषून रोपाला पोसतो. दरवर्षी इथे वर्ग एकदम गप्प होतो, आणि मग सगळ्यांना तो चाखायचा असतो. नखाएवढा तुकडा प्रत्येकाला द्या.

खाऊ नारळीभातच. मी 1 किलो तांदूळ घेते. वाटीला वाटी गूळ, वाटी ओलं खोबरं. मोजमाप मुलांकडून करून घ्या. विस्तव मोठ्यांकडे. भात पुरता शिजल्याशिवाय गूळ घालू नका, नाहीतर शितं कडक राहतात. लवंगा मोजून घाला आणि वाढताना काढा, लहान मुलांच्या दाताखाली आली की पान तसंच राहतं.

दुसऱ्या दिवशी मुलं घरच्यांबरोबर नारळ सोडायला जातात. जाताना घड्याळ पाहायला सांगा: सव्वाअकराला पाणी कुठवर होतं, ते वहीत लिहून आणायचं.