आर्टिकलशिपचे पहिले वर्ष आणि ‘झालेले काम’

मी ऑगस्ट २०१७ मध्ये आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्यासाठी फर्ममध्ये कराव्या लागणाऱ्या प्रशिक्षणाला लागले, तेव्हा जीएसटी लागू होऊन जेमतेम महिना झाला होता. नवे पोर्टल ऑफिसमध्ये कुणालाच पुरते उमगले नव्हते, मुदती वारंवार पुढे ढकलल्या जात होत्या आणि क्लायंटचे फोन रात्री उशिरापर्यंत थांबत नव्हते. जुन्या आर्टिकल्सच्या (प्रशिक्षणार्थींच्या) हातात ऑडिटची कामे होती, म्हणून रिटर्नचे काम माझ्याकडे आले आणि ते मला चटकन जमले. दोन महिन्यांत मी जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक रिटर्न इतक्या वेगाने भरू लागले की क्लायंटचा फोन आला की सर तो थेट माझ्याकडे वळवत आणि ‘तिला विचारा, तिला सगळे माहीत आहे’ असे सांगत. पुढचे सोळा महिने मी जवळजवळ तेवढेच काम केले. ते माझे नुकसान होते, हे मला त्या काळात एकदाही जाणवले नाही, कारण माझे रोज कौतुक होत होते.

नोंदणी कशी करायची, फॉर्म १०३ कधी भरायचा, स्टायपेंड किती असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. ज्या एका ठिकाणी मी अडकले, त्याविषयी मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे हुशार आणि कष्टाळू मुलेच अधिक अडकतात, असे मला नंतरच्या वर्षांत वारंवार दिसले.

रिटर्नच्या कामाचा एक विशेष असा, की ते कधी संपले हे बाहेरून कळते. रिटर्न दाखल झाले की पोर्टल एआरएन (पोचक्रमांक) देते, तो क्लायंटला कळवला की यादीतल्या त्या नावापुढे खूण होते आणि आपण पुढच्या नावाकडे वळतो. महिन्याच्या २० तारखेपर्यंत अशा पन्नास-साठ खुणा झाल्या की काम झाले. सोळा महिने हेच केल्यावर ‘काम झाले’ या शब्दांचा माझ्या मनातला अर्थच ठरून गेला: कागद आला, आकडा जुळला, खूण केली. ऑडिटमध्ये हा अर्थ चालत नाही. तिथे कागद आल्यावर खरा प्रश्न सुरू होतो, की हा कागद कुठून आला, कुणी दिला, आणि तो जे सांगतो ते मान्य करायला पुरेसे कारण आहे का.

दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात मला एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या ऑडिटवर पाठवले. रोख आणि बँक शिल्लक हा भाग माझ्याकडे होता. कंपनीची एक मोठी मुदत ठेव होती आणि तिच्या शिल्लकेचे बँकेचे पत्र कंपनीच्या अकाउंटंटने पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिले. पत्रावर शिक्का होता, सही होती, रक्कम लेजरशी रुपयापर्यंत जुळत होती. मी ते फाइलला लावले, वर्किंग पेपरवर (तपासणीच्या नोंदींच्या पानावर) ‘बँक कन्फर्मेशन मिळाले’ असे लिहिले आणि पुढे गेले.

आमच्या ऑफिसमध्ये एक ज्येष्ठ सहायक होते, ज्यांना सगळे काका म्हणत. ते सीएची फायनल परीक्षा कधी उत्तीर्ण झाले नाहीत, ऑफिसच्या पाटीवर त्यांचे नाव नव्हते आणि कुठल्याही अहवालावर त्यांची सही जात नव्हती, पण सरांकडे जाण्याआधी प्रत्येक फाइल त्यांच्या टेबलावरून जाई. त्यांनी माझ्या त्या पानावर पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून फाइल परत केली. मी बेरजा पुन्हा तपासल्या, त्या बरोबर होत्या, म्हणून तसे सांगायला त्यांच्याकडे गेले. त्यांनी एवढेच विचारले, “हे पत्र तुझ्या हातात कुणी दिलं?”

मी उत्तर दिले, आणि ते देतानाच मला चूक कळली. एसए ५०५ हे बाहेरून पुष्टी मागवण्याविषयीचे ऑडिटचे मानक मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्रयस्थाकडून पुष्टी मागवताना विनंती पाठवण्यापासून उत्तर मिळण्यापर्यंतचे नियंत्रण ऑडिटरने स्वतःकडे ठेवले पाहिजे, हे मी पेपरात अनेकदा लिहिले होते. मात्र त्या टेबलावर बसले असताना ते वाक्य मला आठवले नाही, कारण कागद हातात येताच काम संपते, ही सवय त्या ज्ञानापेक्षा जुनी आणि घट्ट झाली होती.

काकांच्या सांगण्यावरून कंपनीचे अधिकारपत्र जोडून आम्ही बँकेला विनंती पाठवली आणि उत्तर थेट आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवले. ते यायला अकरा दिवस लागले. ठेव होती, रक्कमही बरोबर होती, पण त्याच समूहातील दुसऱ्या कंपनीच्या कर्जासाठी ती तारण ठेवलेली होती. पहिल्या पत्रात याचा उल्लेख नव्हता, कारण त्यासाठी बँकेला फक्त शिल्लक विचारलेली होती. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीननुसार कर्जासाठी किंवा हमीसाठी तारण असलेली बँक शिल्लक वेगळी दाखवावी लागते. पत्र खोटे नव्हते आणि कुणी मला फसवले नव्हते, तरीही मी ‘झाले’ म्हणून सोडलेले पान जसेच्या तसे पुढे गेले असते तर ताळेबंद अपुरे सत्य सांगणारा ठरला असता.

हा मुद्दा किरकोळ वाटत असेल, तर जानेवारी २००९ आठवा. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी बँकेतील शिल्लक हजारो कोटींनी फुगवल्याची कबुली दिली, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने काढलेल्या निष्कर्षांत एक गोष्ट ठळक होती: बँकेची पुष्टिपत्रे पाठवण्याचे आणि मिळवण्याचे नियंत्रण ऑडिटर्सनी कंपनीच्या व्यवस्थापनाकडे सोडून दिले होते. माझ्या पानावर घडले होते ते प्रमाणाने अतिशय लहान होते, पण चुकीची जात तीच होती.

आता स्पष्ट सांगते. तुम्ही एखादे काम वेगाने करू लागलात आणि त्यासाठी तुमचे कौतुक होऊ लागले, की त्याच क्षणी सावध व्हा. ऑफिसला तुमची गरज आहे, याचा अर्थ ऑफिस तुम्हाला शिकवते आहे असा होत नाही. सर वाईट नव्हते. त्यांच्यापुढे महिन्याची २० तारीख होती आणि मी ती सांभाळत होते, त्यामुळे मला तिथून हलवण्याचे कारण त्यांच्याकडे नव्हते. वेगळे काम मीच मागायला हवे होते. आमच्या वेळी आर्टिकलशिप तीन वर्षांची होती, त्यामुळे सोळा महिने घालवूनही माझ्या हाती काही काळ उरला. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत इंटर या सीएच्या मधल्या परीक्षेचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावर अवघी दोन वर्षे मिळतात. त्यांतले सोळा महिने म्हणजे दोन तृतीयांश प्रशिक्षण आहे.

मोठी फर्म चांगली की छोटी, हा प्रश्न मला नव्या मुलांकडून सर्वाधिक ऐकू येतो आणि मला तो चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. मोठ्या फर्ममध्ये वर्षभर केवळ स्थिर मालमत्तेचे रजिस्टर पाहणारी मुले मी पाहिली आहेत, आणि छोट्या फर्ममध्ये दोन वर्षे टॅलीत नोंदी करणारीही. मुलाखतीला जाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: माझे वर्किंग पेपर कोण वाचणार? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या रूपात मिळाले, तर ती जागा घेण्यासारखी आहे. ‘सगळे मिळून बघतो’ असे उत्तर आले, तर बहुधा कुणीच बघत नाही.

मार्गदर्शकाविषयी माझे मत थोडे हट्टी आहे. महिन्यातून एकदा बसवून करिअरविषयी बोलणाऱ्या माणसापेक्षा तुमच्या पानावर पेन्सिलीने खूण करणारा माणूस कैक पटींनी मोलाचा असतो, मग त्याच्याकडे पदवी असो वा नसो. अशा माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘हे कसे करायचे?’ असे विचारण्याआधी स्वतः एक प्रयत्न करून, मागच्या वर्षीची फाइल वाचून, ‘मागच्या वर्षी असे केले होते, पण यंदा या कारणाने ते लागू पडत नाही असे वाटते’ असे म्हणत जा. काकांनी मला पहिले दीड वर्ष काही शिकवले नाही, याचे मला आधी वाईट वाटे. नंतर लक्षात आले की त्या काळात मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

डमी आर्टिकलशिपविषयी मला मवाळ भाषेत लिहिता येत नाही. कागदोपत्री हजेरी लावून घरी अभ्यास करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, आणि तो देणारा बहुधा उत्तीर्णही झालेला असेल. तो सीए इन्स्टिट्यूटच्या नियमांचा भंग आहे, हे तर आहेच. शिवाय ज्या दोन वर्षांत तुमची चूक दुसऱ्याच्या सहीआड सुरक्षित असते, ती वर्षे तुम्ही टाकून देता. नंतर सही तुमची असते.

ज्यांची वर्षे माझ्यासारखीच एका कामात गेली आहेत, त्यांनी मात्र घाबरून जाऊ नये. ट्रान्सफर (दुसऱ्या फर्ममध्ये बदली) मागण्यापूर्वी सध्याचे नियम नीट वाचा, कारण ठरावीक काळानंतर ती मोजक्याच कारणांसाठी मिळते. बहुतेक वेळा त्याची गरजही पडत नाही. मी सरांकडे जाऊन माझे रिटर्नचे काम नव्या आर्टिकलला सहा आठवड्यांत शिकवून देण्याची तयारी दाखवली आणि बदल्यात एप्रिलमधल्या बँक शाखांच्या ऑडिटवर पाठवण्याची विनंती केली. त्यांनी लगेच होकार दिला. त्या एका एप्रिलमध्ये, ९० दिवसांहून अधिक थकलेले कर्ज अनुत्पादक ठरवण्याचा नियम प्रत्यक्ष खात्यांवर लावून पाहताना आणि शाखाधिकाऱ्याला न पटणारे प्रश्न विचारताना, मी आधीच्या सोळा महिन्यांपेक्षा अधिक शिकले.

आज माझ्याकडे दोन आर्टिकल्स आहेत आणि महिन्याची २० तारीख मलाही येते. दर चार महिन्यांनी मी त्यांची कामे बदलते. मागच्या वेळी रिटर्नमध्ये उत्तम हात बसलेल्या मुलीला मी ऑडिटवर घेतले, तेव्हा ती नाराज झाली आणि त्या महिन्यात आमची तीन रिटर्न्स शेवटच्या दिवशी गेली. तिच्या पहिल्या वर्किंग पेपरवर मी पेन्सिलीने चार ठिकाणी प्रश्नचिन्हे काढून फाइल परत दिली आहे. त्यांतल्या दोन ठिकाणी तिचेच बरोबर होते, आणि तिने ते मला येऊन दाखवून दिले.