काही भाग बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा इतिहास कसा लिहावा

एखादा प्रादेशिक रेल्वेमार्ग पूर्णपणे बंद पडला, तर त्याच्या इतिहासाला निदान एक शेवट तरी सापडतो. मात्र ज्या मार्गाच्या एका तुकड्यावर आजही गाड्या धावतात, दुसऱ्यावरचे रूळ उखडले गेले आहेत आणि तिसऱ्यावर रूळ गवतात तसेच पडून आहेत, त्याच्याबद्दल ‘हा मार्ग अमुक साली बंद झाला’ असे लिहिले की तो इतिहास पहिल्याच वाक्यात चुकतो. म्हणून संपूर्ण मार्ग हा अभ्यासाचा घटक न धरता दोन जंक्शनांमधला किंवा दोन मोठ्या स्टेशनांमधला टप्पा हा घटक धरावा आणि प्रत्येक टप्प्याची नोंद स्वतंत्र ठेवावी.

या नोंदीत तारखांचे प्रकार वेगळे ठेवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. मंजुरी मिळाल्याची तारीख, मालवाहतूक सुरू झाल्याची, प्रवासी वाहतूक सुरू झाल्याची, शेवटच्या प्रवासी गाडीची, शेवटच्या मालगाडीची, अधिकृतपणे मार्ग बंद केल्याची आणि रूळ काढल्याची, या सर्व तारखा निरनिराळ्या असतात आणि त्यांच्यात कधी कधी काही दशकांचेही अंतर पडते. एकाच मार्गाची दोन-तीन वेगवेगळी ‘स्थापनावर्षे’ छापलेली आढळतात, तेव्हा बहुतेक वेळा कोणी कंपनीच्या नोंदणीचे वर्ष दिलेले असते, कोणी पहिल्या टप्प्याचे, तर कोणी शेवटच्या टप्प्याचे. बार्शी लाईट रेल्वेचे उदाहरण घ्यावे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेल्या या नॅरोगेज (रुळांमधले अंतर कमी असलेल्या) मार्गाचा बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा टप्पा १८९७ साली सुरू झाला. पंढरपूर १९०६ मध्ये, लातूर १९११ मध्ये आणि मिरज १९२७ मध्ये जोडले गेले. तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढलेल्या या मार्गाला एकच जन्मवर्ष देता येत नाही. पुढे गेज रूपांतराच्या, म्हणजे रुळांमधले अंतर वाढवून ब्रॉडगेज करण्याच्या, वेळी काही ठिकाणी मार्गरेषाच बदलली आणि जुन्या मार्गावर नसलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, नव्या ब्रॉडगेजवर आले. अशा ठिकाणी मार्ग चालू आहे हे विधानही खरे असते आणि जुना मार्ग सोडून दिला आहे हेही खरे असते. टप्प्यांची नोंद असली की ही दोन्ही विधाने एकमेकांना छेद न देता मांडता येतात.

बंद पडलेला टप्पा कायमचा गेला असेही गृहीत धरू नये. स्कॉटलंडमधील एडिंबरोहून इंग्लंडमधील कार्लाइलला जाणारा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला. त्याचा उत्तरेकडील भाग ट्वीडबँकपर्यंत नव्याने बांधून सप्टेंबर २०१५ मध्ये प्रवाशांसाठी खुला करण्यात आला, तेथून पुढे हॉइकमार्गे कार्लाइलला जाणारी गाडी मात्र आजही नाही.

कागदपत्रांकडे वळताना बहुतेक जण मार्ग उभारल्याच्या काळापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात बंद होण्याच्या कागदपत्रांपासून करावी, कारण मार्ग कोणासाठी चालत होता हे तिथेच उघड होते. अमेरिकेत १९२० च्या वाहतूक कायद्यापासून आंतरराज्यीय वाहतुकीतला कोणताही मार्ग सोडून देण्यासाठी आंतरराज्य वाणिज्य आयोगाची परवानगी घेणे रेल्वे कंपन्यांना बंधनकारक झाले. त्या प्रकरणांच्या फायलींत किती डबे माल गेला, दुरुस्तीला किती खर्च येईल आणि कोणत्या व्यापाऱ्याने हरकत घेतली हे सारे तपशिलाने सापडते. १९९६ पासून हे काम भूपृष्ठ वाहतूक मंडळाकडे आहे. राष्ट्रीय पायवाटांच्या कायद्यातील १९८३ च्या दुरुस्तीनंतर तिथे बंद मार्गाची जमीन पायवाटेसाठी वापरत भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवता येते. त्यामुळे अशा टप्प्याला कायद्याच्या दृष्टीने सोडून दिलेला मार्ग म्हणणे चूक ठरते.

ही कागदपत्रे वाचताना आकडा कसा काढला आहे हे नेहमी तपासावे. ब्रिटनमध्ये तिथल्या रेल्वे मंडळाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल मार्च १९६३ मध्ये आला आणि त्याच्या आधारे हजारो किलोमीटरचे मार्ग बंद झाले. त्यातील प्रवासी वाहतुकीची मोजणी प्रामुख्याने एप्रिल १९६१ मधील एकाच आठवड्याची होती. समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या ज्या शाखा उन्हाळ्याच्या सुटीत गजबजत, त्यांची खरी वाहतूक अशा मोजणीत दिसणे शक्यच नव्हते. उत्पन्नाच्या वाटणीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. शाखेवरच्या छोट्या स्टेशनात भरलेला माल मुख्य मार्गावर शेकडो किलोमीटर जातो, परंतु हिशोबात शाखेच्या नावावर फक्त तिच्या लांबीपुरतेच उत्पन्न धरले, तर कोणतीही शाखा तोट्यात दाखवता येते. हरकती नोंदवणाऱ्यांचे म्हणणेही त्याच चिकित्सेने वाचावे. ब्रिटनमध्ये १९६२ च्या वाहतूक कायद्यानुसार वाहतूक-उपभोक्ता समित्यांनी प्रवाशांच्या गैरसोयीपुरतेच मत द्यायचे होते, त्यामुळे त्यांच्या अहवालांत मार्गाच्या अर्थकारणाची चर्चा शोधण्यात अर्थ नाही.

मालकी आणि चालवणूक या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना जाणारा, ‘शकुंतला’ या नावाने ओळखला जाणारा नॅरोगेज मार्ग सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. गाड्या मात्र करारानुसार आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आणि पुढे मध्य रेल्वेने चालवल्या. मार्ग बंद ठेवण्याचा, दुरुस्तीचा वा रूपांतराचा निर्णय का लांबतो, हे अशा करारांच्या कलमांशिवाय कळत नाही.

भारतातील मार्गांसाठी रेल्वे बोर्डाने प्रसिद्ध केलेले टप्पानिहाय इतिहास, जिल्हा गॅझेटियर, जुनी वेळापत्रके आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे ही प्राथमिक साधने होत. वेळापत्रक बारकाईने वाचल्यास मार्गाची उतरती कळा वर्षानुवर्षे पाहता येते: आधी रात्रीची गाडी जाते, मग गाडीचा वेग कमी होतो, मग उरलेली एकमेव गाडी जंक्शनवर पुढे नेणारी जोडगाडी निघून गेल्यावर पोहोचू लागते. प्रवासी कमी झाले म्हणून गाड्या कमी झाल्या की गाड्या कमी केल्यामुळे प्रवासी गेले, हे ठरवण्यासाठी वेळापत्रके आणि तिकीटविक्रीचे आकडे वर्षवार शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

यानंतर प्रत्यक्ष मार्गावर जावे. जाण्यापूर्वी जमीन कोणाच्या ताब्यात आहे हे विचारून परवानगी घ्यावी, कारण गाड्या बंद असल्या तरी जमीन बहुधा रेल्वेचीच असते. काही भाग चालू असलेल्या मार्गावर दुरुस्तीची ट्रॉली किंवा इंजिन अवचित येऊ शकते, आणि सडलेल्या स्लीपरांच्या गर्डर पुलावरून कधीही चालू नये. रूळ शिल्लक असतील तर त्यांच्या उभ्या बाजूवर बोटाने माती पुसून पाहावी. उठावदार अक्षरांत कारखान्याचे नाव, वर्ष आणि वजनाचा आकडा आढळतो; काही कारखाने महिना दाखवण्यासाठी वर्षापुढे उभ्या रेघा काढत. हे वर्ष मार्गाचे समजण्याचा मोह मात्र टाळावा. मुख्य मार्गावर झिजलेले रूळ काढून शाखेवर टाकण्याची पद्धत सर्वत्र होती, म्हणून रुळावरील वर्ष ‘याआधी हा रूळ येथे नव्हता’ एवढेच सिद्ध करते. दगडी मोऱ्या आणि पुलांचे खांब अधिक भरवशाचे असतात. पुलांचे क्रमांक कोणत्या टोकाकडून वाढत जातात ते पाहिले की अंतर कोणत्या जंक्शनपासून मोजले जाई हेही समजते. रूळ गेलेल्या टप्प्यात हवाई छायाचित्रे कामी येतात. शेतांच्या बांधांना तिरपा छेद देत जाणारी, रस्त्याला न शोभणाऱ्या लांब, सौम्य वळणांची रेषा दिसली, तर तो बहुधा जुन्या मार्गाचा भराव असतो.

मार्गावर काम केलेल्या गँगमन, स्टेशन मास्तर आणि फाटकवाल्यांशी बोलताना ‘कोणत्या साली?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. शेवटची गाडी कोणत्या हंगामात गेली, तिला वाफेचे इंजिन होते की डिझेलचे, त्या वेळी स्टेशनात मालधक्क्यावर काय पडून होते, असे विचारावे आणि मग कागदाशी पडताळावे. नाव छापण्याची संमती आधीच घ्यावी.

सर्वांत शेवटी, आणि हा भाग बहुतेक लेखनात राहून जातो, जो टप्पा उरला तो का उरला याचा शोध घ्यावा. त्याचे उत्तर सहसा प्रवाशांत नसते. खाण, सिमेंटचा कारखाना, वीजकेंद्र किंवा धान्याचे कोठार ज्या स्टेशनाला जोडलेले असते, तिथपर्यंत रूळ राहतात आणि त्याच्या पुढचे जातात. चालू टप्प्याच्या अखेरच्या स्टेशनातील सायडिंग, म्हणजे बाजूला काढलेला रूळमार्ग, कोणाच्या आवारात शिरते, हे नकाशावर पाहावे, त्या ग्राहकाच्या मालाचे वर्षवार आकडे मिळवावेत आणि बंद झालेल्या टप्प्यावर असा ग्राहक कधी होता का, असल्यास त्याने माल रस्त्याने नेण्यास केव्हा सुरुवात केली, हे त्याच नोंदीत लिहावे.