करटुलीचा वेल नर की मादी, आणि लावायचं काय, बी की गड्डा

आषाढ-श्रावणात बेळगावच्या बाजारात करटुली, म्हणजे वेलाला येणारी काटेरी रानभाजी, आली की भाव ऐकून सगळ्यांच्याच मनात येतं, आपल्या परड्यात दोन वेल असायला पाहिजे होते. खानापूर, जांबोटी, चंदगडकडच्या बायका बुट्टीत घालून आणून बसत्यात, कन्नड बोलणारे माडहागलकाई म्हणून मागत्यात आणि दुपारपर्यंत बुट्टी रिकामी. मग कोणतरी पिकलेल्या फळातलं बी काढून परड्यात लावतं, वेल मांडवावर चढतो, पिवळी फुलं पण भरपूर येत्यात, पण फळ एक पण नाही. मग खत घाल, औषध मार, कुणीतरी सांगतंय म्हणून ताक ओत, असं सगळं करून झाल्यावर वेलच उपटून टाकायचा. आता तो वेल नर असला तर त्याला सोन्याचं पाणी घातलं तरी फळ लागणार नाही, आणि मादी असून जवळपास नर नसला तरी लागणार नाही, आणि हे आधी कुणी सांगतच नाही म्हणून हे सगळं लिहालोय.

मूळ गोष्ट एवढीच की करटुलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. दुधी, काकडी, दोडका, कारलं ह्यांच्यात एकाच वेलावर दोन्ही फुलं येत्यात, आधी नुसती नर फुलं दिसत्यात आणि मग काही दिवसांनी मादी फुलं येत्यात, त्यामुळं आपल्याला वाट बघायची सवय लागलेली असते. करटुलीच्या नर वेलाजवळ दिवाळीपर्यंत वाट बघितली तरी तो नरच.

ओळखायचं फुलावरूनच. पानावरून, देठाच्या रंगावरून, गड्ड्याच्या, म्हणजे जमिनीतल्या कंदाच्या, आकारावरून सांगणारे बरेच भेटत्यात, मी त्यांच्यावर पैसे लावणार नाही, फूल येईपर्यंत खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. कळी आली की मात्र अगदी सोपं आहे, फूल उमलायची पण गरज नाही. मादी कळीच्या खाली, म्हणजे देठ आणि पाकळ्या ह्यांच्या मध्ये, एक बारीक हिरवी गाठ असते, नीट बघितलं तर तिच्यावर मऊ मऊ काटे दिसत्यात, ती म्हणजे बाळ-करटुलीच. नर कळीला ही गाठ नसते, सरळ बारीक देठ, आणि देठाच्या वरच्या टोकाला कळीला कवटाळून बसलेलं एक छोटं हिरवं पान असतं, टोपीसारखं. मादीच्या देठावर पण एक पान असतं पण ते अगदी लहान आणि खाली बुडाकडं, कळीला झाकत नाही. उमललेल्या फुलात बघायचं तर नराच्या मधोमध पिवळी पूड असते, बोटाला लागते, मादीत ती नसते. एकाच फुलावर ठरवू नका, त्याच वेलावरची चार-पाच कळ्या-फुलं बघा. आणि बघताना तो कोंब मुळापर्यंत हातानं चाचपत खाली जा, कारण मांडवावर दोन-तीन वेल एकमेकात गुंतलेले असत्यात आणि वर मादी दिसली म्हणून खाली भलत्याच वेलाला खूण होते.

खुणेचं जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर अवलंबून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये फुलं असताना नर-मादी कळतं, पण गड्डे काढायची वेळ येते वेल वाळून गेल्यावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेल पिवळा पडून मरतो, जमिनीत नुसता गड्डा झोपून राहतो आणि पुढच्या वळवाच्या पावसाला परत कोंब काढतो. म्हणजे वेलाला चिंधी बांधली तर वेलाबरोबर चिंधी पण गेली. खूण जमिनीत करायची. बांबूची खुंटी ठोका, मादीला लाल रंग, नराला पांढरा, आणि त्याशिवाय वहीत मांडवाचा नकाशा काढून ठेवा, कारण उन्हाळ्यात गुरं शिरत्यात, पोरं खुंट्या उपटत्यात. जमलं तर जुन्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून तिच्यावर खिळ्यानं ‘न’ किंवा ‘मा’ कोरून गड्ड्याजवळ मातीत पुरा, आपल्या पावसात शाईचं काही टिकत नाही.

आता बी की गड्डा.

बियाचं पहिलं म्हणजे ते लवकर उगवत नाही. वरचं कवच टणक असतं आणि ताजं बी काही महिने झोपलेलंच राहतं, त्यामुळं आज फळ खाल्लं आणि उद्या बी टाकलं तर निराशाच होणार. सप्टेंबरच्या आसपास पूर्ण पिकून फुटायला आलेलं फळ घ्या, बियाभोवतीचा लाल गर चोळून धुवा, सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत घालून मे महिन्यापर्यंत ठेवा. लावायच्या आधी बियाच्या टोकाकडचं कवच पक्कडीनं हलकंच चेपून जराशी चीर पाडा, आतला गर चिरडू देऊ नका, मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पिशवीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल लावा. माती ओली पण चिखल नको. मेच्या उकाड्यात उगवण चांगली होते, आणि तरीपण सगळी एकदम उगवणार नाहीत, काही उगवत्यात, काही मागं राहत्यात, पिशवी लगेच फेकू नका.

दुसरं म्हणजे नर-मादीचा जुगार. बियातून साधारण निम्मे नर निम्मे मादी धरून चालायचं. एका आळ्यात एकच रोप लावलं तर ते आळं फुकट जायची शक्यता निम्मी. दोन लावली तर दोन्ही नर निघायची शक्यता चारात एक, तीन लावली तर आठात एक, चार लावली तर सोळात एक. म्हणून बियापासून करायचं असलं तर प्रत्येक आळ्यात ३-४ रोपं लावा, फुलं येईपर्यंत सगळी सांभाळा, आणि फुलावर मादी ओळखून एक चांगली मादी ठेवा, बाकीची काढा, अधूनमधून एखाद्या आळ्यात मुद्दाम नर ठेवा. नर म्हटलं की काही लोक सगळे उपटून टाकत्यात, हे सगळ्यात मोठं नुकसान, मग मादी फुलं येत्यात, खालची गाठ पिवळी पडते आणि दोन-चार दिवसांत गळून जाते. लवकर उगवलेलं रोप त्याच पावसाळ्यात फुलतं, उशिरा लावलेलं पुढच्या वर्षावर जाऊ शकतं, तेवढा धीर बी लावणाऱ्याकडं पाहिजे.

गड्ड्याचं तसं नाही. मादीचा गड्डा मादीच देतो, जशी आई तशीच लेक, फळाचा आकार, काटे, चव सगळं तेच. ज्याला भाजीसाठी किंवा बाजारासाठी चार पैसे करायचेत त्यानं गड्डाच लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी ते मे गड्डा झोपलेला किंवा नुकता जागा व्हायला लागलेला असताना काढायचा, कुदळीनं नाही, बाजूनं माती सैल करून हातानं. मोठा गड्डा असला तर उभा चिरून दोन-तीन तुकडे करता येत्यात पण प्रत्येक तुकड्यावर वरच्या मानेकडचा भाग, जिथून कोंब येतो तो, आलाच पाहिजे, आडवा कापला तर खालचा तुकडा सहसा कुजतो. चिरलेल्या जागी राख लावून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग लावा, मान वर, वरती दोन-तीन बोटं माती.

तिसरी वाट म्हणजे वेलाचे तुकडे. जुलै-ऑगस्टमध्ये मादी वेलाचा जरा जून झालेला भाग, दोन-तीन पेरांचा तुकडा, एक-दोन पेरं मातीत, एक वर, वाळू-माती-शेणखताच्या पिशवीत सावलीला ठेवायचं. मुळं फुटत्यात. पण ह्यात एक अट आहे जी कुणी बोलत नाही, वेल वाळायच्या आत त्या तुकड्याखाली गड्डा तयार व्हायला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी उगवायला खाली काहीच नसतं. म्हणून तुकडे लवकर लावा, फुलं ओळखली की लगेच, सप्टेंबरची वाट बघू नका. नराचे पण दोन-तीन तुकडे करून ठेवा.

मग बी कशाला लावायचं असं कुणी विचारेल, तर त्याला पण कारण आहे. सगळ्या परड्यात एकाच वेलाची पिलावळ असली की एक रोग सगळ्यांना सारखाच धरतो, आणि गड्ड्याबरोबर मूळकूज, सूत्रकृमी पण एका शेतातून दुसऱ्या शेतात आरामात जातात. गड्डा विकत घेताना मऊ पडलेला, वास येणारा, मुळांवर गाठी असलेला नको म्हणा. आणि नवीन चांगला वेल मिळायचा तर तो बियातूनच मिळणार. माझा सल्ला असा की मुख्य मांडव गड्ड्यांचा करा आणि कडेला दरवर्षी चार-सहा आळी बियाची ठेवा, त्यातली सरस मादी निघाली की तिला पुढच्या वर्षी मांडवात घ्या.

गड्डे आणायला रानात जायचं मात्र करू नका. खानापूरकडच्या जंगलात करटुली आहे म्हणून लोक पावसाळ्यात फळं तोडत्यात ते एक झालं, पण गड्डाच खणला तर तो वेल कायमचा गेला. त्याच भागात २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालंय, तिथून काही खणून आणणं गुन्हा आहे, आणि कायद्याचं सोडलं तरी ज्या रानानं आपल्या आज्या-पणज्यांना भाजी दिली तिथलं बूडच उपटायचं हे मला अजिबात पटत नाही. बाहेर खुणा न केलेला गड्डा काढला तर तो नर की मादी हे पण कळत नाही, म्हणजे परत जुगारच. ज्यांनी लागवड केलीय त्यांच्याकडून, फुलावर खूण केलेला गड्डाच घ्या, आणि नर वेगळा मागून घ्या, विकणारा स्वतःहून देत नाही.

लागवडीचा हिशोब असा, ८ ते १० मादींना १ नर. दोन-दोन मीटरवर लावलं तर एका गुंठ्यात साधारण २५ वेल बसत्यात, त्यात २२ मादी ३ नर. तिन्ही नर एका कोपऱ्यात नकोत, पसरून लावा. कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात गड्डा सपाट जमिनीत कुजतो, वरंबा करून त्याच्यावर लावा, पाणी थांबता कामा नये. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत पाऊस कमी पण माती पाणी धरून बसते, तिथं पण वरंबाच, शिवाय उघाड पडली की पाणी द्यावं लागतं. मांडव पाच-सहा फूट उंच ठेवा, तोडणाऱ्या बाईची मान दुखता कामा नये.

फळमाशीसाठी सापळा लावाल तर दुकानात वेलवर्गासाठीचा क्यू-ल्यूर मागा, आंब्याचा मिथाईल युजेनॉलवाला इथं कामाचा नाही आणि दुकानदार बऱ्याच वेळा तोच हातात देतात.

शेवटचं, परागीकरण. आपल्या रानातल्या लहान करटुलीचं फूल संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी उमलतं, वास पण येतो, त्याच्यावर रात्रीचे पतंग येत्यात. गावात, बल्बच्या उजेडात, औषधं मारलेल्या परड्यात हे पतंग कमी असत्यात, मग नर-मादी दोन्ही असून पण फळ कमी लागतं. तिथं हातानं करा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागं वळवा, मधली पूड मादी फुलाच्या मधल्या भागाला हलकंच टेकवा, एका नर फुलात दोन-तीन मादी होत्यात. हल्ली नर्सरीत मोठ्या फळाची दुसरी जात पण मिळते, तिचं फूल सकाळी उमलतं, तिचा नर आणून आपल्या लहान मादीजवळ लावला तर दोघांच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळं नर त्याच जातीचा घ्या. आणि परड्यात जागाच नाही, दोनच मादी वेल आहेत असं असलं तरी चालतं, शेजारच्या काकींच्या मांडवावर नर असला तर संध्याकाळी दोन-चार फुलं मागून आणा आणि तेव्हाच लावून टाका, सकाळपर्यंत ठेवू नका.