मालिकेतलं बाळंतपण बघायचं कसं

मी 31 वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते. ड्युट्यांच्या पाळ्यांत मालिका कधी धड बघितल्याच नाहीत. रिटायर होऊन सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ भागातल्या घरी बसले, तेव्हा कुठं संध्याकाळी सातनंतरचा टीव्ही माझ्या वाट्याला आला. त्याच दिवाळीत माझी पुतणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिराचं घर शेजारीच, त्यामुळं रोज जेवून ती माझ्याकडं मालिका बघायला यायची. नायिकेचं डोहाळजेवण होतं त्याच आठवड्यात हिचाही सातवा चालू होता. एकदा जिन्यावरून पडण्याचा प्रसंग लागला आणि हिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मग मी ठरवलं, हिला टीव्ही बघायला शिकवायचं. बंद करून काही उपयोग नाही, शेजारी जाऊन बघतात.

पहिलं काम, समोर घड्याळ ठेवा. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती काढल्या की गोष्ट उरते वीस-बावीस मिनिटांची. तेवढ्यात कळ येते, गाडी सुटते, किंकाळी होते, बाळ रडतं. खऱ्या पहिलटकरणीचं तसं नसतं. सुरुवातीच्या बारीक कळांत आख्खा दिवस जाऊ शकतो. पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर खरा जोर सुरू होतो आणि तिथून पुढंही बारा तासांपर्यंत लागू शकतात. त्या वेळात बायका चालतात, चहा पितात, कुशीवर पडून डुलकी काढतात. हे कोण दाखवणार? म्हणून मालिकेत पहिली कळ आली की वही उघडून वेळ लिहायची, बाळ रडलं की परत लिहायची. पुतणीच्या वहीत एकदा निघाले 11 मिनिटं. ती हसली. मला तेवढंच पाहिजे होतं.

दुसरं आहे पाण्याचं, आणि इथं मी जरा जास्त बोलणार. मालिकेत आधी फरशीवर पाणी, मग धावपळ. प्रत्यक्षात दिवस भरलेल्या शंभर बायकांत आठ-दहा जणींचीच पाणमोट कळांच्या आधी फुटते. बाकीच्यांची कळा चालू असताना फुटते, काहींची अगदी शेवटी. माझ्या नोकरीत एकदा पहाटे तीनला गेटवर रिक्षा आली. अशोक चौकाकडची बाई, दुसरी खेप, सासू सोबत. मी ट्रॉली घेऊन पळाले तर बाळाचं डोकं दिसत होतं. बाळ रिक्षातच माझ्या हातात आलं. रिक्षावाल्याची शाल बाळाला गुंडाळली, चांगली सोलापुरी जाड. नंतर विचारलं, "अम्मा, इतका वेळ घरी का थांबलात?" सासू म्हणाली, "पाणी कुठं गेलं ओ सिस्टर? आम्ही पाण्याची वाट बघत होतो." टीव्हीत बघितलेलं सुनेनं सांगितलं होतं आणि दोघी त्यावर बसल्या होत्या.

तर वाट पाण्याची बघायची नाही, कळा मोजायच्या. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत किती मिनिटं, ते लिहा. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक कळ मिनिटभर, आणि असं तासभर चाललं की निघा. मिनिट म्हणजे किती, हे आधीच कळावं म्हणून मी पुतणीला जाहिरातींवर शिकवलं. अर्ध्या मिनिटाच्या दोन जाहिराती संपेपर्यंत लांब श्वास घेत, खांदे सैल सोडून बसायचं. साबणाची झाली, चहाची झाली, कळ गेली. दुसरी खेप असेल किंवा घर लांब असेल तर एवढं थांबू नका. आणि पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर मोजत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा. पाण्याचा रंग हिरवट असेल तर तेही सांगायचं.

"आई किंवा बाळ, एकालाच वाचवू शकतो" हा डायलॉग लागला की तेवढ्यात भाकरी तव्यावर टाकून या. 31 वर्षांत हा प्रश्न मी एकाही डॉक्टरच्या तोंडून ऐकला नाही. सही घेतात ती ऑपरेशनची आणि भुलीची.

मग येतं ते बाळ. गोरंपान, मान धरलेलं, तीन महिन्यांचं तरी असतं! खरं बाळ ओलं, अंगाला पांढरा चिकट थर, डोकं लांबट, हातपाय थोडे निळसर. पुतणीला मी हे दहा वेळा सांगितलं, कारण पहिल्या नजरेत घाबरणाऱ्या आया मी बघितल्यात. वजन अडीच किलोच्या वर असलं की "बारीक आहे" म्हणणाऱ्या आत्याबाईंना बाहेर बसवावं.

बाळ रडलं की कॅमेरा नवऱ्याच्या चेहऱ्यावर जातो. तुम्ही मात्र मनात खोलीतच थांबा. अजून वार, म्हणजे नाळेमागचा गर्भाशयातला भाग, पडायची असते, साधारण अर्ध्या तासात. रक्तस्राव बघायचा असतो, पोट दाबून गर्भाशय घट्ट झालंय का तपासायचं असतं, आणि पहिल्या तासातच बाळाला चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पाजायचा असतो. चीक पिळून टाकायचा नाही, घरात कुणी काहीही म्हणो. हे सगळं होताना जवळ ओळखीची बाई असली तर फार फरक पडतो. सरकारी दवाखान्यात सोबतीण आत घ्यायला केंद्रानं 2016 मध्येच मान्यता दिली आहे. कोण येणार ते आठव्या महिन्यातच विचारून ठरवा.

तारखेचंही तसंच. पुतणीला डॉक्टरांनी दिली होती 14 जानेवारी, म्हणजे ऐन गड्ड्यात, आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत. मिरवणुकीत सात नंदीध्वज निघाले की गावातून गाडी काढणं अवघड, म्हणून दिरानं होटगी रोडवरून जायची वाट दोनदा फिरून बघितली. नेमक्या तारखेला शंभरात चार-पाचच जणी होतात, हे सांगूनही घरात कुणाला पटत नव्हतं. यात्रेतल्या लग्नाच्या अक्षता पडल्या, शोभेचं दारूकाम झालं, ही आपली शेंगाचटणी खात बसलेली. झाली 19 ला. मुलगी, 2 किलो 800.

परवा दीड महिन्याची लस टोचून दोघी माझ्याकडं आल्या. टीव्ही लावला. नायिकेचा अजून आठवाच चालू आहे.