भाड्याच्या घरावर घसारा: गोव्यातल्या मालकांनो, या चुका टाळा

शिवोली, आसगाव, हणजूण या पट्ट्यात घर घेऊन भाड्यानं देणाऱ्यांचा विवरणपत्राच्या दिवसांत ठरलेला प्रश्न असतो: "घराच्या किमतीवर घसारा (वापरानं जुन्या होणाऱ्या मालमत्तेच्या किमतीपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) किती टक्के लावू?" टक्केवारी फार पुढची गोष्ट. आधी पाहायचं ते भाडं कुठल्या हेडखाली, म्हणजे उत्पन्नाच्या कुठल्या प्रकारात, जातं. घसारा मिळणार की नाही, हे तिथंच ठरतं. (पुढची कलमं 1961 च्या आयकर कायद्यातली आहेत. 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या 2025 च्या कायद्यात त्यांचे क्रमांक बदलले आहेत.)

राहत्या घराच्या भाड्यातून घसारा वजा करणं

सगळ्यात जास्त नोटिसा ओढवून घेणारी चूक हीच. फ्लॅट किंवा बंगला कुटुंबाला राहायला भाड्यानं दिला, तर ते 'घरमिळकतीचं उत्पन्न' होतं. तिथं घसाऱ्याला जागाच नाही. मालकानं भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के ठोक वजावट मिळते आणि कर्जाचं व्याज वेगळं. वर्षाचं भाडं 6,00,000 आणि घरपट्टी 12,000 असेल, तर 5,88,000 वर 1,76,400 वजा होतात. रंगकाम, गळती, जुनेपणा हे सगळं त्यातच आलं. त्यावर पुन्हा घसारा मागणं म्हणजे एकाच खर्चाची दोनदा वजावट.

"आमची कंपनी आहे, भाडं हाच आमचा धंदा," असं सांगून पूर्वी काही जण ते धंद्याच्या उत्पन्नात दाखवत. 2024 च्या वित्त कायद्यानं ती वाट बंद केली. कर निर्धारण वर्ष 2025-26 पासून मालकानं राहतं घर भाड्यानं दिलं, तर उत्पन्न घरमिळकतीतच धरायचं. दुकानं आणि ऑफिसांना हा बदल लागू नाही. पण तिथंही कंपनीच्या उद्दिष्टांत 'भाड्यानं देणे' असं लिहून भागत नाही, प्रत्यक्ष धंदा दाखवावा लागतो. राज दादरकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये हेच सांगितलं.

पाहुण्यांना खोल्या देणं आणि घर भाड्यानं देणं एकत्र करणं

पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे, खोल्या दिवसाच्या हिशेबानं जातात, चादरी बदलणं आणि नाष्टा तुमच्याकडे, कामगारांना पगार तुम्ही देता. हा व्यवहार धंद्याच्या बाजूला झुकतो आणि घसारा तिथंच येतो. पण मग नोंदणीचा दाखला, बुकिंगचं रजिस्टर आणि पगाराची नोंद फाईलमध्ये हवी. अकरा महिन्यांचा करार करून किल्ली हवाली केली असेल, तर नाव 'होमस्टे' ठेवल्यानं काही बदलत नाही.

सगळं एकाच दरात टाकणं

घसारा मिळतो तो धंद्यात वापरलेल्या मालमत्तेवर, आणि दर असे: राहण्यासाठीच्या इमारतीला 5 टक्के. हॉटेल आणि बोर्डिंग त्यातून वगळले आहेत, त्यांना 10 टक्के. मिश्र वापराच्या इमारतीत किमान दोन तृतीयांश बांधीव क्षेत्र राहण्यासाठी असेल, तरच ती मुख्यतः राहती इमारत. फर्निचर, वायरिंग, पंखे 10 टक्के, एसी 15 टक्के. विहीर 'इमारत' गटात येते, हे अनेकांना नवीन वाटतं. किनाऱ्यावर दर सीझनला उभा करून पावसाआधी उतरवायचा लाकडी सांगाडा निव्वळ तात्पुरता असेल, तर 40 टक्के. पण सिमेंटचा चौथरा ओतला, तर तो त्यात धरू नका.

जमिनीवर घसारा नाही, एक रुपयाही नाही. खरेदीखतात जमीन आणि घर यांची मिळून एकच रक्कम असते, तिथं घोळ होतो. 1,20,00,000 च्या व्यवहारात 50 लाख जमिनीचे असतील, तर घसारा 70 लाखांवरच. ही वाटणी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून खरेदीच्या वर्षीच करून घ्या.

डिसेंबरच्या गर्दीसाठी घर सुरू केलं, तर मार्चअखेर 180 दिवस भरत नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी निम्माच घसारा.

वडिलोपार्जित घराला आजचा बाजारभाव लावणं

चिऱ्यांचं जुनं घर दुरुस्त करून गेस्ट हाऊस केलं. बाजारभाव दोन कोटी. घसाऱ्याचा हिशेब मात्र पूर्वीच्या मालकाला पडलेल्या मूळ खर्चावरून, आणि तोही आधीच्या वर्षांचा घसारा धरून उरेल तेवढ्यावर. हाती फार थोडं येतं. खरा फायदा नव्या दुरुस्तीच्या भांडवली (टिकाऊ कामाच्या) खर्चावर आहे, म्हणून बिलं जपा. सुताराला, गवंड्याला एका दिवसात 10,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेत, तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरलीच जात नाही.

याच दुरुस्तीचा मुद्दा भाडेकरूकडूनही सुटतो. पणजीत जुनं घर भाड्यानं घेऊन कॅफे काढणाऱ्यानं तिथं भांडवली बांधकाम केलं, तर त्या खर्चावर घसारा त्याला मिळतो, इमारत त्याची नसली तरी. घरमालकानं तो खर्च आपल्या हिशेबात घेऊ नये.

कलम 5अ विसरणं

गोव्याबाहेरच्या सीएकडून हे हमखास सुटतं. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या समाईक मालमत्तेच्या (मालमत्ता दोघांची मिळून धरण्याच्या) पद्धतीखाली असलेल्या पती-पत्नींचं, पगार सोडून प्रत्येक हेडखालचं उत्पन्न निम्मंनिम्मं वाटलं जातं. घर कोणाच्या नावावर आहे, याचा इथं संबंध नाही. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केलेल्यांना हे लागू नाही, आणि नुसतं गोव्यात घर घेतलेल्या मुंबईकरालाही नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी त्या हेडचं निव्वळ उत्पन्न काढा, म्हणजे धंदा असेल तर घसारा वजा करून आणि घरमिळकत असेल तर 30 टक्के वजा करून, मग दोघांत वाटा. वाटणी आधी करून दोघांनी पूर्ण घसारा मागितला, की दोन्ही विवरणपत्रं अडकतात. 'सहज' (आयटीआर-1) फॉर्म अशा जोडप्यांना चालत नाही. योग्य फॉर्ममध्ये 5अ ची अनुसूची भरून त्यात जोडीदाराचा पॅन द्या, आणि दोघांची विवरणपत्रं एकाच माणसाकडून भरून घ्या.