क्रूवाल्यांनो, गोव्यात लेओव्हरला आलात की या चुका टाळा

मी पेडण्याचा. ५ जानेवारी २०२३ ला मोपाहून विमानं उडायला लागली आणि आमच्या वाड्यावरची बरीच पोरं एकतर एअरपोर्टवर चिकटली नाहीतर हॉटेलात. मी हॉटेलात, फ्रंट ऑफिसला, आणि नाइट ड्युटी जवळपास कायमची माझ्याच गळ्यात, त्यामुळे विमानांचा क्रू दोन फ्लाइटच्या मधल्या मुक्कामाला, म्हणजे लेओव्हरला, कसा येतो, कसा झोपतो (झोपतो का तरी?) आणि कुठे घोळ घालतो हे सगळं काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलंय. रूममध्ये शिरल्या शिरल्या मोबाइलचा टॉर्च घेऊन छुपे कॅमेरे शोधणारे पुष्कळ बघितले, पण दोन मिनिटांपूर्वी लॉबीत सगळ्यांसमोर "अगं तू २१४ का? मी २१६!" असं ओरडणारेसुद्धा तेच.

तर पहिली चूक हीच, आणि यात निम्मा हात आमचा. क्रूची गाडी यायच्या आधी आम्ही की-कार्डं बनवून पाकिटात घालून काउंटरवर ओळीने मांडून ठेवतो, पाकिटावर नाव आणि रूम नंबर. बाजूला साइन-इन शीट, त्यात नाव, रूम, वेक-अप कॉल किती वाजता, पिकअप किती वाजता. आता एखादा माणूस पाण्याची बाटली मागायच्या निमित्ताने तिथे उभा राहिला आणि नुसती मान वाकडी केली तरी कोण कुठल्या खोलीत एकटी आहे आणि किती वाजेपर्यंत झोपलेली असणार हा सगळा हिशोब त्याला फुकटात मिळतो. शीट आत ठेवा म्हणून सांगा, कोणी नाही म्हणणार नाही. आणि रिसेप्शनवाल्याने नंबर मोठ्याने सांगितला तर सरळ म्हणा, "दादा, दुसरी रूम द्या." राग येत नाही हो आम्हाला.

एरिन अँड्र्यूज नावाच्या अमेरिकन स्पोर्ट्स रिपोर्टर आहेत, २००८ मध्ये नॅशव्हिलच्या एका हॉटेलात एका माणसाने त्यांच्या शेजारचीच रूम मागितली आणि हॉटेलने दिली. मग त्याने दारातून बाहेर बघायच्या भिंगात फेरफार करून बाहेरून शूटिंग केलं. २०१६ मध्ये ज्युरीने साडेपाच कोटी डॉलर भरपाई ठरवली. त्यात हॅकिंग वगैरे काही नव्हतं, माणसाने विचारलं आणि काउंटरने दिलं. म्हणून चेक-इनलाच सांगून ठेवा की माझी रूम कोणालाही सांगायची नाही, फोन आला तर आधी मला विचारून जोडायचा, "मी तिचा भाऊ" म्हणाला तरी. आणि भिंगावर आतून टिश्यूचा बोळा नाहीतर चिकटपट्टी लावा, पाच सेकंदांचं काम आहे.

दुसरी चूक म्हणजे दार आपोआप लॉक झालं म्हणजे झालं, असं समजणं. इथे माझा स्वतःचा किस्सा सांगतो, लाज वाटते पण सांगतो. एका रात्री क्रूच्या चाव्या आधीच बनवून ठेवल्या होत्या पण सिस्टीममध्ये त्यांचं चेक-इन मारायचं राहिलं, मग पावसात भिजलेलं एक कुटुंब आलं, स्क्रीनवर रूम रिकामी दिसली, मी कार्ड बनवून दिलं आणि त्या गृहस्थाने जाऊन क्रूच्या मुलीचं दार उघडलं! तिने आतून साखळी लावली होती म्हणून दार चार बोटांवर अडलं. नसती लावली तर काय झालं असतं, मला विचार करवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लंडनला हीथ्रोजवळच्या हॉटेलात एअर इंडियाच्या केबिन क्रूमधल्या एकीच्या खोलीत रात्री माणूस घुसून हल्ला झाला ते तुम्हाला माहीतच असेल.

आणि की-कार्डाचं म्हणाल तर मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की सॅफलॉक नावाची की-कार्डाने उघडणारी कुलपं, जी जगभरात ३० लाखांवर दारांना आहेत, ती त्याच हॉटेलचं एखादं जुनं कार्ड हाताशी असेल तर त्यावरून खोट्या कार्डांची जोडी बनवून उघडता येतात, वर आतून लावायचा खिळा (डेडबोल्ट) तोसुद्धा सरकतो. कंपनीने दुरुस्ती सुरू केली, पण ती हॉटेलाहॉटेलात जाऊन करावी लागते. त्यामुळे साखळी लावाच, आणि बॅगेत रबराची पाचर ठेवा, दाराखाली सारायची.

गोव्यात अजून एक भानगड आहे. आमच्याकडची बरीच रिसॉर्टं बैठी, तळमजल्याच्या रूमला लॉनवर नाहीतर पूलकडे उघडणारं काचेचं सरकतं दार, त्याची कडी खाऱ्या हवेने गंजलेली. लोक मेन डोअर चार वेळा बघतात आणि मागचं दार वारा येतो म्हणून बोटभर उघडं ठेवून झोपतात. शक्यतो वरच्या मजल्याची रूम मागा, नाही मिळाली तर त्या दाराच्या खाचेत काठी आडवी टाका, हाउसकीपिंगला सांगितलं तर झाडूचा दांडा आणून देतील, खरंच देतात.

इन्स्टाचं थोडक्यात. युनिफॉर्म, नेमबॅज आणि बाल्कनीतून समुद्र असा फोटो राहताना टाकू नका, कारण कंपनीचं हॉटेल ठरलेलं असतं, एकदा कळलं की दर वेळी कळलं. पण नंतर टाकतानाही डोकं लावा. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएच्या नियमाने ड्युटीच्या आधी १२ तास दारू बंद, आणि तुम्ही आदल्या दिवशीचा बिअरचा फोटो फ्लाइटच्या सकाळी टाकलात तर खुलासे देत बसाल.

बाहेर फिरायला जाताना लॅनयार्ड, म्हणजे गळ्यातली आयडीची पट्टी, रूमवरच ठेवा. (आमच्याकडे पायलट म्हणजे बाइकवरून भाड्याने नेणारा. एका कॅप्टनने "मी पायलट आहे" म्हटल्यावर म्हापशाच्या स्टँडवरच्या काकांनी "मग तुझी गाडी खंय?" असं विचारलं होतं.) गप्पा मारा, पण हॉटेल, रूम आणि उद्याची फ्लाइट सोडून.

आयडीचं मात्र ऐका. रिसेप्शनवरचा पोरगा म्हणाला "मॅडम, आधार माझ्या व्हॉट्सअॅपवर पाठवा", तर पाठवू नका. त्याच्या पर्सनल फोनमध्ये ते किती वर्षं पडून राहील, त्यालाच माहीत नाही. कंपनीचं कार्ड चालत असेल तर ते दाखवा, नाहीतर मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवरून निघतं. रोस्टरचा (ड्युटीच्या वेळापत्रकाचा) प्रिंट फाडल्याशिवाय डस्टबिनमध्ये टाकू नका. आणि टीव्हीवरून लॉगआउट करा, आमच्याकडे एका कॅप्टनच्या अकाउंटवर पुढच्या गेस्टची पोरं तीन दिवस कार्टून बघत होती.

आता कॅमेरा. २०१५ मध्ये कांदोळीच्या एका दुकानात ट्रायल रूमच्या रोखाने कॅमेरा दिसल्याची तक्रार तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणींनी केली होती, म्हणजे भीती काही उगाच नाही. पण फक्त वायफाय स्कॅन करणाऱ्या अॅपवर विसंबू नका, मेमरी कार्डावर रेकॉर्ड करणारा कॅमेरा त्यात दिसतच नाही. लाइट बंद करून टॉर्च डोळ्याजवळ धरून हळूहळू फिरवा, भिंग असेल तिथे ठिपका चमकतो. बेडसमोरचं घड्याळ, चार्जर, एसीची जाळी, बाथरूममधलं एक्झॉस्ट एवढं बघा.

सापडला तर? उपटू नका, बोटांचे ठसे जातात. त्यावर टॉवेल टाका, फोटो काढा, सामान घेऊन बाहेर या, कॅप्टनला आणि कंपनीच्या ड्युटी डेस्कला कळवा, ११२ लावा. ड्युटी मॅनेजर "मॅडम, बसून मिटवू" म्हणाला तरी रूम सील करायला लावा आणि कॉरिडॉरचं फुटेज जपून ठेवा असं लेखी द्या, कारण सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरवर (डीव्हीआर) जुन्यावर नवीन चढत जातं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ अशा चोरून शूटिंगसाठीच आहे, पहिल्याच गुन्ह्याला १ ते ३ वर्षं. आणि सकाळी ५ ची पिकअप आहे, आता तक्रार कधी देणार म्हणून गप्प बसणारे असतात, तर झीरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, मुंबईला उतरून दिलीत तरी ती गोव्याच्या ठाण्याकडे येते.